मागचे दोन खिसे

२ फेब्रुवारी

आज पूर्ण झालेल्या ब्लेझरची खरी किंमत: बाहेरच्या खोलीचा पडदा. आईच्या मशीनच्या सुया. वर्गातल्या टाचणीची मैत्री, निम्मी (तिच्या कापडाच्या कात्रीने मी पुठ्ठा कापला, त्यात काय एवढं). बाबांचा ठेवणीतला कोट. त्याचं फक्त अस्तर घेतलं होतं, पण अस्तर काढल्यावर कोट कोटासारखा राहत नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शिवाय माझी सुट्टी.

ब्लेझर कोणालाच होत नाही. एक बाही लांब आहे. कटिंगच्या मॅडमना म्हटलं, मुद्दाम ठेवली. त्या म्हणाल्या, छान, आता असे हात असलेला माणूस शोधून आण.

गमतीने म्हणाल्या, पण माझ्या डोक्यात वीज चमकली. खरंच की! सगळी फॅशन एकाच बांध्याच्या माणसांसाठी. बाकीचे बाहेर. त्यांना आत कोण घेणार? मी. आजपासून माझं करिअर समावेशक.

(दुपारी विभागप्रमुखांनी सांगितलं की वार्षिक शोला एका मोठ्या कंपनीची माणसं येणार आहेत आणि समावेशक कपड्यांसाठी त्यांना एक नवा डिझायनर हवा आहे. मला हे त्याआधी सुचलं की नंतर, हा मुद्दा गौण आहे.)

ब्रँडचं नाव ठरलं: सामील. खाली बारीक अक्षरात: कोणीही बाहेर नाही.

संकल्प: रोज दहा स्केचेस. उद्यापासून.

६ फेब्रुवारी

स्केचेस झाली नाहीत. लोगोवर काम चाललंय, तो पाया आहे.

ताईला सांगितलं. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. सहा वर्षांपूर्वी अपघात झाला, तेव्हापासून व्हीलचेअरवर. कमरेखाली तिला काही म्हणजे काही जाणवत नाही. वरचं तोंड मात्र दुप्पट चालतं. म्हटलं, ताई, तू माझी प्रेरणा आहेस. ती म्हणाली, प्रेरणा म्हणजे फुकटची मॉडेल ना रे, शिंपीमहाराज?

म्हटलं, तुझ्यासाठी पॅंट शिवतोय. त्यावर ती थट्टा करायची थांबली. जरा वेळाने म्हणाली, शिव. सहा वर्षं नाडीचे पायजमे घालतेय. दुकानातली पॅंट पुढून पोटावर गोळा होते आणि मागून उतरते. एक नीट पॅंट दे, मग मला हवं ते म्हण.

तिला घाई आहे. नकाशे बनवणाऱ्या एका कंपनीत मुलाखत आहे, दुसऱ्या शहरात. निवड झाली तर तिथे एकटी राहणार म्हणते. हे ऐकून आई आत जाऊन भांडी घासायला लागली. भांडी घासलेलीच होती.

१० फेब्रुवारी

ताईची अट एकच. मागे काही नको. खिसा नको, बटण नको, जाड शिवणसुद्धा नको. म्हणाली, तुला टोचलं की तू सरकतोस. मला टोचलेलं कळतच नाही. मी त्याच्यावर बसून राहते आणि ते आत जात राहतं.

म्हणूनच तिच्या फोनवर दर पंधरा मिनिटांनी गजर होतो. गजर झाला की ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला उचलते, थांबते, परत टेकते. जेवताना, सिनेमा बघताना, फोनवर भांडतानासुद्धा. संध्याकाळी आई तिची पाठ, मांड्या, सगळं बघते. कुठे लाल दिसलं तर ताई लाली जाईपर्यंत आडवी. एकदा लक्ष राहिलं नव्हतं तेव्हा अख्खा हिवाळा पालथी होती म्हणे. मी तेव्हा शाळेत होतो, मला ती फक्त घरी नसल्याचं आठवतं.

हे सगळं संशोधन म्हणून लिहून ठेवलं. गजराचा आवाज फार कर्कश आहे. चांगली ट्यून सुचवायची.

१९ फेब्रुवारी

ताईची निवड झाली! एक मेला हजर व्हायचं. बाबांनी दोनदा अभिनंदन केलं, पहिलं केल्याचं विसरून. आई म्हणाली, तिथे संध्याकाळी तुझं कोण बघणार? ताई म्हणाली, आरसा आहे, हात आहेत, मी बघेन. आई म्हणाली, आरशाला सगळं दिसत नाही. ताई म्हणाली, मग आई, तुलाही सगळं दिसत नाही. ह्यावर कोणी हसलं नाही.

मी म्हटलं, पहिल्या दिवशी ऑफिसात तू सामीलची पॅंट घालून जाशील. ताई खूश झाली. अगदी मनापासून. मी तिला एवढी खूश पाहिली की मला वाटलं आपलं अर्धं काम झालंच.

२४ फेब्रुवारी

कटिंगच्या मॅडम मागे लागल्यात. बहिणीला बसवून माप घे, बसल्यावर मागची बाजू लांब होते, पुढची आखूड, उभ्या माणसाचा पॅटर्न चालणार नाही. म्हटलं, मॅडम, आम्ही एका घरात वाढलोय, तिचं माप माझ्या डोळ्यांत आहे. त्या म्हणाल्या, डोळ्यांतलं कागदावर उतरवून आण.

टेप घेऊन ताईकडे गेलोही. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि बाबांबरोबर नव्या शहरात जाऊन खोलीचे दरवाजे, बाथरूम, ऑफिसचा उतार, सगळं मोजून आली. दोन दिवस टेप तिच्याकडे. टेपच नाही तर माणूस माप कशाने घेणार? परत आल्यावर ती म्हणाली, घे आता माझं. पण तोपर्यंत माझा मूड वेगळ्या दिशेला गेला होता.

कपाटात मीडियम साइजचा तयार पॅटर्न आहे. पाया म्हणून तो वापरतो. त्यावर संस्कार करायचे.

१ मार्च

आज आंघोळ करताना सिद्धांत सापडला.

ताई म्हणते मागे खिसे नकोत. का? कारण तिला सवय लागली आहे कमी मागण्याची. लोक आपल्या इच्छा दाबतात, डिझायनरने त्या ओळखायच्या असतात. जगातल्या प्रत्येक चांगल्या पॅंटला मागे दोन खिसे असतात. मग हिच्याच पॅंटला का नसावेत? खिसे काढून टाकणं म्हणजे तिला पुन्हा बाहेर ठेवणं. समावेश म्हणजे जे सगळ्यांना ते हिलाही.

टाचणीला सांगितलं. टाचणी माझ्या वर्गातली, तोंडात कायम टाचण्या धरून बोलते म्हणून हे नाव. ती म्हणाली, पण ती त्याच्यावर बसणार ना? म्हटलं, सगळेच बसतात. ती म्हणाली, सगळे उठतात पण. टाचण्यांमुळे नीट ऐकू आलं नाही असं दाखवून मी विषय बदलला. तिचं कलेक्शन नुसते काळे कोट. काळे, लांब, साधे. त्यात विचार कुठे आहे?

९ मार्च

डमीवर ड्रेपिंग, म्हणजे कापड टाचून आकार बघणं. डमी लोखंडी दांड्यावर उभी, कमरेत वाकत नाही. स्टुलाला टेकवून तिरपी करून पाहिली, आडवी पडली. पडताना टाचणीच्या कोटावर. कॉलेजच्या साधनांमध्ये समावेशकतेचा पूर्ण अभाव. विभागप्रमुखांना निवेदन द्यायचं.

पॅंट उभीच शिवली. बसवणं हे घालणाऱ्याचं काम.

१७ मार्च

पितळी बटणं आली! प्रत्येकावर सामीलचा लोगो, उठावदार. गोल, भक्कम, वजनदार. एकेका खिशाला एकेक. बटणवाल्याने विचारलं, साहेब, हे टेबलाच्या खणाला लावायचं का? अडाणी.

कापड गडद हिरवं. पायाला साइड झिप, आतल्या बाजूला. मागे दोन खिसे, दुहेरी टीप, कडेने कडक दोरीचं पाइपिंग. मागून बघितल्यावर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

मॅडमनी उलटसुलट करून पाहिली. खिशांवर अंगठा फिरवला. विचारलं, बहिणीने हे पाहिलंय? म्हटलं, सरप्राइज आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, बाबा रे, हे काढ. फोटोशूटच्या आधी काढ. म्हटलं, मॅडम, ही पॅंट एकाच व्यक्तीचा विचार करून जन्मली आहे. ताई सोडून जगात दुसऱ्या कोणालाही ही होणार नाही. हवं तर लिहून देतो.

वर्गात सगळ्यांसमोर बोललो. सगळे आपापल्या मशीनकडे वळले. परिणाम झाला.

२३ मार्च

संध्याकाळ. आजचा दिवस सुवर्णाक्षरांनी.

फोटोशूट कॉलेजच्या गच्चीवर. लिफ्ट आहे. ताईने सकाळी पॅंट पाहिली, उलटी केली, आणि तिचा चेहरा पडला. म्हणाली, हे काय लावलंस रे? मी सिद्धांत समजावला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, चांगलं आहे रे तुझं भाषण, पण बसायचं मला आहे. माझा चेहरा उतरला असावा, कारण तीच म्हणाली, बरं, तोंड पाडू नकोस. फोटोपुरती घालते. एक कप चहा होईल तेवढा वेळ. मग लगेच काढायची आणि खिसे उसवायचे, कबूल? म्हटलं, कबूल.

पुढून जरा गोळा झाली. मागे कमरेला फट राहिली, हवा खेळती राहते, उन्हाळ्यात उपयोगी.

पण ताई! टाचणीने तिचे केस बांधले, ओठांना रंग लावला. ताईने आरशात पाहिलं आणि बराच वेळ आरसा परत दिला नाही. म्हणाली, अगंबाई, ही कोण? मी तिला म्हटलं, फोन दे, मांडीवर दिसतोय, शॉट बिघडतो. ती म्हणाली, गजर झाला की सांगशील? म्हटलं, सांगेन. म्हणाली, नक्की? म्हटलं, अगं नक्की.

पहिला व्हिडिओ मस्त चालला होता. वारा, केस, ताईचा चेहरा उन्हाकडे. आणि गजर! अख्खा टेक गेला. ताईने स्वतःला उचललं, परत टेकली, केस पुन्हा बांधावे लागले. म्हणून फोन सायलेंटवर टाकला. वेळ मी स्वतः बघणार असं ठरवलं, माझ्याकडे घड्याळ आहे. एकदा तर नक्की सांगितलं. बहुधा दोनदा.

मग उन्हं तिरपी झाली. तिरप्या उन्हात हिरवा रंग असा काही दिसतो की बस. टाचणीला चहा आणायला पाठवलं होतं, ती परत आली, चहा गार झाला, ताई म्हणाली, अरे, झालं का? म्हटलं, शेवटचा. शेवटचे बरेच काढले. ताईही रंगात आली होती, तिने स्वतःहून मान वळवली, हसली. गजर वाजला नाही, म्हणजे वेळ झाली नाही, असंच तिला वाटत असणार. मीही तिचा आनंद मोडला नाही.

घरी आल्यावर पॅंट काढली. खुर्चीच्या गादीवर सामीलचा लोगो उमटलाय, दोन ठिकाणी, अगदी ठसठशीत. ह्याला म्हणतात ब्रँडिंग.

आई आतून हाक मारते आहे. कशाला कोण जाणे.

२४ मार्च

काही विशेष नाही. ताईच्या मागे दोन डाग आलेत, रुपयाएवढे. आईने बोटाने दाबून पाहिले. लाल डाग दाबल्यावर पांढरा होतो, मग चालतं म्हणे. हे पांढरे होत नाहीत. रंग लाल नाही, वांग्याच्या सालीसारखा.

आईने विचारलं, किती वेळ बसवलं होतंस हिला? म्हटलं, थोडा वेळ. आईने ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, थोडाच वेळ गं. तिनेच सांगितलं म्हटल्यावर प्रश्न मिटला.

ताई पालथी पडून नव्या शहराचा नकाशा बघते आहे. मी फोटो निवडतो आहे. एकाहून एक.

२८ मार्च

विभागप्रमुख फोटो बघून उभेच राहिले. म्हणाले, ह्यांना प्रत्यक्ष रॅम्पवर आणा. कंपनीच्या बाईंना फोटो पाठवले, त्यांनी विचारलं, हा मुलगा कोण? हा मुलगा कोण! मी हे वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं.

घरी येऊन ताईला सांगितलं. ती म्हणाली, वा. तोंड उशीत होतं म्हणून आवाज बारीक आला. म्हटलं, एक फोटो खिडकीजवळ हवा होता, पाच मिनिटं बसतेस का? ताई काही म्हणायच्या आत आई दारात आली. तिने दार लावलं. तोंडावर नाही लावलं, पण तोंडाजवळ.

खिसे उसवायचे राहिलेत. शो झाल्यावर उसवतो, आता फोटोत आणि प्रत्यक्षात फरक दिसेल.

१ एप्रिल

डाग उघडला. डावीकडचा. आई म्हणते, वरून बटणाएवढा, आत किती ते कळत नाही.

ताईच्या खोलीत एक वास येतो. आई खिडक्या सताड उघड्या ठेवते. मी माझा परफ्यूम मारला तर आईने बाटली हातातून काढून घेतली आणि खिडकीबाहेर फेकली. खाली कोणाचं डोकं नव्हतं हे नशीब. आईला विश्रांतीची गरज आहे.

संकल्प: ताईजवळ रोज बसायचं. आज नाही जमलं, पत्रिकेचं डिझाइन होतं.

४ एप्रिल

रात्रीपासून ताईला ताप, थंडी वाजते. सकाळी बाबांनी गाडीत तिला आडवी घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. मी पुढच्या सीटवर. वळणावर आई मागून म्हणायची, हळू हो. बाबा म्हणायचे, हळूच आहे. तेवढंच बोलणं.

डॉक्टरांनी जखमेत सळईसारखं काहीतरी घातलं. मला वाटलं जरासं जाईल. ते जात राहिलं. मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो.

डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला तर सगळं ठाऊक आहे, मग एवढा वेळ उचललं कसं नाही? ताई म्हणाली, चुकलंच, लक्ष राहिलं नाही. मी बोलणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण डॉक्टर घाईत दिसले, बाहेर बरेच पेशंट होते.

हाडापर्यंत गेलंय म्हणाले, तिथेच दाखल करून घेतलं. पालथं झोपायचं. बसायचं नाही. ताईने विचारलं, एक मेला मला हजर व्हायचंय, जमेल ना? डॉक्टर म्हणाले, कोणत्या वर्षीच्या? विनोद करत असावेत. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

९ एप्रिल

कॉलेजात सगळे विचारतात, बहीण कशी आहे? म्हणतो, आराम करते आहे. टाचणी तेवढी काही विचारत नाही. आज तिने माझ्या टेबलावर एक कप गार चहा आणून ठेवला आणि गेली. स्वभावाने विचित्रच आहे, पण चहा दिला म्हणजे कात्रीचं विसरली.

कटिंगच्या मॅडमनी पॅंट मागितली. म्हणाल्या, दे, मी उसवते. म्हटलं, शोपर्यंत थांबा. त्यांनी हात पुढे केलेला तसाच ठेवला, बराच वेळ. मला तास होता.

१४ एप्रिल

ताईला भेटलो. तिला पलंगावर पालथी ठेवलीय, हनुवटीखाली उशी, समोर खालच्या स्टुलावर लॅपटॉप. मान वर करून एका बोटाने टाइप करते. कंपनीला लिहीत होती, थोडी मुदत द्या म्हणून. मी सुचवलं की कॅमेऱ्यात पलंग दिसणार नाही असा पडदा लावून इथूनच काम करता येईल. ती म्हणाली, पहिले सहा महिने ऑफिसात शिकायचंय रे, राजा. चेहरा बारीक झालाय. हातांवर अजून गच्चीवरच्या दिवशीचा नेलपेंट, टोकाला उरलेला.

तिला अशी बघून मला एकदम सुचलं. पालथं झोपणाऱ्यांसाठी कोणी कपडे करतं का? कोणीच नाही! बटणं मागे, गळा पुढे मोकळा, हनुवटीला मऊ पट्टी. केवढी मोठी रेंज! तिथेच रुमालावर स्केच काढलं. ताईला दाखवलं. तिने ते खूप वेळ पाहिलं आणि म्हणाली, बाळा, आज तू घरी जा.

हे माझं फेब्रुवारीपासूनचं पहिलं स्केच. संकल्प हळूहळू फळाला येतात.

२१ एप्रिल

नकाशेवाली कंपनी दोन आठवडे थांबायला तयार आहे. उत्तम. मी घरात सगळ्यांना सांगितलं की काळजीचं कारण नाही. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन, दुसरीकडचं मांस फिरवून लावायचं, मग पुन्हा पालथं. दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत, पण मार्ग निघतो. माझा निघतो नेहमी.

आई आता माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ दे. दिवा घालव.

२६ एप्रिल

ताईचा फोन गच्चीवरच्या दिवसापासून माझ्याच बॅगेत राहिला होता (पालथीला गजर लागत नाही, म्हणून कोणी शोधला नाही), तो चार्ज करून नेऊन दिला. तिने पालथ्यापालथ्या चाळला. मग न बघताच विचारलं, त्या दिवशी गजर किती वेळा झाला रे?

म्हटलं, आठवत नाही.

ती म्हणाली, हा सायलेंटवर आहे.

म्हटलं, हॉस्पिटलमध्ये सायलेंटवरच ठेवायचा असतो. दारावर पाटी आहे.

ती म्हणाली, हो ना. आणि फोन उशीखाली ठेवला. पुढे एकही प्रश्न नाही. म्हणजे तिचं समाधान झालं. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. एरवी ती बोलते तेव्हा पंखा ऐकू येत नाही. मी थोडा वेळ थांबलो, ती झोपली असावी, डोळे उघडे होते.

 

३० एप्रिल

रंगीत तालीम. रॅम्पला तीन पायऱ्या आहेत. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. म्हणजे ताई आली असती तरी खुर्ची चढवायला चौघे लागले असते, ते वाईट दिसलं असतं. एका अर्थी जे होतं ते बऱ्यासाठीच.

विभागप्रमुख म्हणाले, मूळ मॉडेल नसेल तर पॅंट काढून टाका, किंवा दुसरं कोणी द्या. विचार करतो.

१ मे

ताईला आज हजर व्हायचं होतं. घरी कोणी तारखेचा उल्लेख केला नाही. आईने सकाळी ताईची नवी बॅग उघडली. त्यात घड्या करून ठेवलेले पायजमे, आरसा, माझी टेप. सगळं परत कपाटात लावलं. टेप माझ्या पलंगावर आणून ठेवली.

मी भाषण पाठ करतो आहे. पहिली ओळ: माझ्या बहिणीने मला शिकवलं. पुढे काय शिकवलं ते लिहायचं बाकी आहे.

५ मे

शो झाला. लिहायला बसलो आहे, सुचत नाही.

क्रमाने लिहितो. माझी ओळख झाली, टाळ्या पडल्या. पडद्यावर ताईचे गच्चीवरचे फोटो. लोक हळहळले, दोघांनी डोळे पुसले. मी भाषणाची पहिली ओळ म्हटली. दुसरी आठवली नाही. निवेदिकेने माइक घेतला.

कंपनीच्या बाई मागच्या रांगेत कटिंगच्या मॅडमशी बोलत होत्या. मॅडम हाताने काहीतरी दाखवत होत्या, अंगठा फिरवून. नंतर त्या बाईंनी टाचणीचा नंबर घेतला. टाचणीच्या काळ्या कोटांपैकी एक बसून घालायचा होता म्हणे. मागे शिवण नाही, पाठीकडून उघडणारा. कोणासाठी केला तेही तिने सांगितलं: तिच्या आजोबांसाठी, त्यांना बसवून माप घेऊन. मला वाटलं होतं ते नुसते काळे कोट आहेत.

संध्याकाळी हॉस्पिटल. ऑपरेशन झालंय, ताई पुन्हा पालथी. नकाशेवाल्या कंपनीचं पत्र काल आलं होतं, त्यांनी दुसरीला घेतलं. आईनेच सांगितलं, मला उद्देशून नाही, खिडकीकडे बघून. बाबा बाहेर बाकावर बसून आहेत.

ताईने विचारलं, झाला का शो? म्हटलं, झाला. म्हणाली, माझी पॅंट? म्हटलं, कॉलेजच्या बॅडमिंटन टीममधल्या एका मुलीने घातली, ती मीडियमच आहे. पायऱ्या दोन ढांगांत चढली. शेवटी वळली तेव्हा मागचे खिसे छान दिसले.

ताईने विचारलं, काय काय बदलावं लागलं तिच्यासाठी?

मी तिच्याकडे टेप घेऊन गेलो होतो, सुई घेऊन गेलो होतो. एक टाकासुद्धा उसवावा लागला नाही.